हळू गाणी कुणाला पायजेत?

बसूदादा,

मेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. ते काम गेले नऊ दिवस घरातले बाकीचे करताहेत. ओसरीवर सतरंजी टाकलेली आहे. माणसं येतात, चहा घेतात आणि तू किती गुणी होतास ते एकमेकांना सांगतात. परवा एक जण म्हणाला, "आख्ख्या वडवणी तालुक्यात असा कलाकार झाला न्हाई." मी तेव्हा कप गोळा करत होते. माझ्या हातातला कप ट्रेमध्ये जरा जोरात आपटला. त्यांना वाटलं, बहिणीला दुःख आवरेना.

दुःख झालंच आहे, ते मी नाकारत नाही. पण त्याच्या वर राग आहे, आणि तू मेलास म्हणून तो मी सोडून देणार नाही. अठ्ठावीस वर्षांचा धडधाकट माणूस कावीळ अंगावर काढतो, डोळे पिवळेधमक झाले तरी "एवढा सीझन होऊ दे, मग बघू" म्हणतो, आणि भांडण अर्ध्यावर टाकून निघून जातो. लहानपणी पत्त्यांत हरायला लागलास की पानं फेकून उठायचास. तसंच केलंस. तेव्हा मी तुझ्या मागे गल्लीभर पळायचे, आता कुठे पळू?

तुला सगळं ठाऊक आहे, पण मी पहिल्यापासून लिहिणार आहे. ओसरीवर बसून तुझं कौतुक करणाऱ्यांना हे कधीतरी वाचून दाखवायचा माझा विचार आहे.

तुझे वडील अण्णा, माझे वडील आप्पा, दोघा सख्ख्या भावांचं बाजारपेठेत एकच भांड्यांचं दुकान. तू माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. दोघंही त्याच दुकानात रांगलो. तुला भांड्यांत कधी रस नव्हता, मला होता. गिऱ्हाईक भांडं वाजवून घेतं, तसं दुकानदारानंही ठोक व्यापाऱ्याकडून वाजवूनच घ्यायचं असतं. आप्पांनी मला अंगठीनं हंड्यावर टिचकी मारायला शिकवलं. चांगला हंडा लांबवर बोलतो, चीर असली की थप्प होतो. सातवी-आठवीत असतानाच मला डोळे मिटून चिरेचा हंडा ओळखता यायचा. तू तेव्हा टेपरेकॉर्डरला मोठा भोंगा जोडता येईल का ते बघत असायचास.

पुढे तू लग्नांत स्पीकर लावायला लागलास. कॅसेट संपली की दुसरी घालायची, तेवढ्यात वरातीतली माणसं घाम पुसायला बाजूला व्हायची आणि निम्मी परत यायचीच नाहीत. तुला त्या मधल्या शांततेचा फार राग यायचा. मग लातूरकडच्या कुठल्यातरी लग्नाला जाऊन आलास आणि आल्या आल्या मला म्हणालास, "कांते, तिथं गाणं थांबतच न्हाई. एकातनं दुसरं निघतंय, सांधा कुठंय तेच कळंना. समदं काम्पुटरवर हाय."

मी तेव्हा बीडला एसटीनं जाऊन संगणकाचा कोर्स केलेला होता आणि वडवणीत नव्याच निघालेल्या क्लासमध्ये शिकवत होते. तू कुठूनसा एक सुटे भाग जोडून केलेला संगणक आणलास, एका सीडीवर ते सॉफ्टवेअर आणलंस, आणि दुकानाच्या मागच्या खोलीत, पेंढ्यात गुंडाळलेल्या परातींच्या मधोमध, टेबल मांडलंस. पडद्यावर दोन तबकड्या. दोन्ही एकदम फिरणाऱ्या. तू दोन गाणी लावलीस, आणि दोन म्हशी एकाच दाव्याला बांधल्यासारखं ती एकमेकांना ओढायला लागली. तू माझ्याकडे बघितलंस. मी तुझ्याकडे.

तिथून पुढचं दीड वर्ष माझं आहे. ते मी कुणाला देणार नाही.

तीन हजारांच्या वर गाणी होती. काही कॅसेटवरून भरलेली, बरीचशी बीडच्या दुकानांतून सीडीवर उतरवून आणलेली. नावं काय, तर 'नवीन एक', 'नवीन दोन', 'लई भारी', 'मामाचं'. एकच गाणं पाच ठिकाणी पाच नावांनी. दुपारी दुकान बंद असायचं, आणि लाईट असली तर मी बसायची. एकेक गाणं ऐकायचं, त्याला त्याचं नाव द्यायचं, दुबार असेल ते काढून टाकायचं. कॅसेटवरचं गाणं दबकं असायचं आणि सीडीवरचं कानठळ्या बसवणारं, म्हणून प्रत्येकाचा आवाज सारखा करायचा. सुरुवातीची खरखर कापायची. पहिला ठोका जिथे पडतो तिथे खूण करायची, म्हणजे बटण दाबलं की गाणं ठोक्यावरच सुरू होईल. आणि शेवटी वेग. मिनिटाला ठोके किती ते. दोन गाण्यांचे ठोके जवळपास सारखे असले तरच ती एकमेकांत मिसळतात, एवढं तुलाही कळलं होतं. फक्त मोजता येत नव्हतं.

ते सॉफ्टवेअर स्वतः मोजायचं म्हणे. हलगीचं गाणं लावलं की कधी सत्तर सांगायचं, कधी एकशे चाळीस. हलगीवाल्याच्या दोन्ही काड्या त्याला वेगवेगळ्या माणसांच्या वाटत असाव्यात. मग मी दुकानातला एक पितळी तांब्या घेतला, भिंतीवरचं सेकंदकाट्याचं घड्याळ समोर ठेवलं, आणि अंगठीनं टिचक्या मारत मोजायला लागले. एक गाणं, एक पूर्ण मिनिट. काही गाणी मशीनवर बनवलेली, ती सरळ चालायची. पण जुनी गाणी हाडामांसाच्या माणसांनी वाजवलेली. ती सुरुवातीला शहाण्यासारखी चालतात आणि शेवटाला घर दिसलेल्या बैलासारखी पळत सुटतात. त्यांना मी दोन-दोन आकडे लिहिले, सुरुवातीचा आणि शेवटचा. कुणी शिकवलं नव्हतं मला हे. त्या तांब्यानं शिकवलं.

आठवतं तुला, आकडा नावाच्या आधी लिहायचा असं आपण ठरवलं, म्हणजे यादी आपोआप वेगाप्रमाणे लागेल, आणि सगळी यादी उलटीपालटी झाली? एकशे चारचं गाणं वर आणि अठ्ठ्याण्णवचं पार खाली. तू म्हणालास, संगणक नासला. त्याला वरून एक चापट मारलीस. मी दोन दिवस डोकं खाजवलं आणि मग कळलं, तो आकडा वाचतच नाही, नुसतं पहिलं अक्षर बघतो. एक आधी, नऊ नंतर. मग शंभरच्या आतल्या प्रत्येक आकड्याआधी एक शून्य लावलं, आणि बघता बघता अख्खी यादी सगळ्यात हळू गाण्यापासून सगळ्यात वेगवान गाण्यापर्यंत ओळीनं उभी राहिली. तू खोलीतल्या खोलीत नाचलास. परातींवर परात कोसळली. तू बाजारातून जिलेबी आणलीस आणि पहिला घास मला भरवलास. म्हणालास, "कांते, पैल्या प्रोग्रामाला काम्पुटरवर तू. मी नुसता वायरी धरणार. शपथ."

ती शपथ तू कुणाची घेतली होतीस ते मी लिहीत नाही. ती माउली आत जमिनीवर झोपलेली आहे, नऊ दिवस धड जेवलेली नाही.

आपलं खरं भांडण एकच होतं, आणि ते शेवटपर्यंत मिटलं नाही. मी 'हळू' नावाचा एक कप्पा केला होता. नव्वदच्या खालचं सगळं त्यात. शिवभजनं, जुनी संथ गाणी, सासरी जाणाऱ्या मुलीची गाणी. तुला तो कप्पा बघवायचा नाही.

"हळू गाणी कुणाला पायजेत गं? लोक नाचायला येतेत, झोपायला न्हाई."

"नाचणाऱ्याला थांबवावं बी लागतं, दादा."

"थांबवायला कुणी पैलवान लावतंय का? लाईट गेली की थांबतेत."

मी म्हणायची, वेग वाढवणं सोपं आहे, उताराला लागलेली गाडी कुणीही चालवतं. चढलेली गर्दी न दुखावता खाली आणणं, कुणाला कळूही न देता, ती खरी कला. तू हसायचास. ते हसणं मला अजूनही सहन होत नाही.

मग लिंबागणेशचं लग्न आलं. आपला पहिला मोठा कार्यक्रम. मी सगळा क्रम लावला होता. नवरदेव गणपतीच्या देवळातून निघेल तेव्हा काय, मंडपाशी येईल तेव्हा काय, मामा खांद्यावर घेतील तेव्हा काय. नवा पंजाबी ड्रेस शिवला होता. साडीचा पदर वायरींत अडकेल म्हणून. भर दुपारी टेम्पोतून उतरले, टेबलापाशी गेले, आणि तू माझ्या हातातला हेडफोन काढून घेतलास.

"कांते, तू आत बायकांत बस."

"कावून?"

"लोक नावं ठेवतील. पोरीच्या जातीनं असं सगळ्यांच्या पुढं... अण्णा बी हायत हितं. बस ना थोडा येळ."

अण्णा होते तिथे. त्यांनी टोपी नीट केली आणि दुसरीकडे बघितलं.

मी जाऊन बसले. टेबलाकडे पाठ करून, नवरीच्या मावश्यांच्या रांगेत. माझी गाणी वाजत होती, माझ्या क्रमानं, एकातून एक निघत. कुठेही सांधा दिसत नव्हता. मावश्या मान डोलवत होत्या. आणि मग जेवणं सुरू व्हायच्या आधी कुणीतरी माइकवर तुला विचारलं की एवढं सगळं केलं कुणी, आणि मी तुझा आवाज ऐकला. भोंग्यांतून, अख्ख्या गावाला ऐकू जाईल असा.

"ही सगळी मेहनत माझ्या एकट्याची हाय."

एवढंच. टाळ्या पडल्या. माझ्या शेजारच्या मावशीनंही वाजवल्या. तिनं मला कोपरानं ढोसून विचारलं, "तुजा भाऊ हाय व्हय गं?" आयत्या बिळावर नागोबा हे मी पुस्तकात वाचलं होतं. त्या दिवशी बीळ खणणाऱ्याला काय वाटतं ते कळलं.

आता जे लिहिते ते ओसरीवरच्या कुणाला ठाऊक नाही. ते फक्त मला ठाऊक होतं, निदान नऊ दिवसांपूर्वीपर्यंत मी असंच समजत होते.

लिंबागणेशहून आल्यावर तू सांगितलंस की स्टँडमागे गाळा घेतलाय, संगणक तिकडे हलवायचा. भोंगे लावायच्या गाडीवर हातभर उंच अक्षरांत तुझं नाव रंगवून झालं होतं. माझ्याकडे एक दुपार होती. मी 'हळू' कप्पा सीडींवर उतरवून घेतला, कारण तो तू टाकूनच देणार होतास. आणि मग यादी उघडली. दोनशे गाणी निवडली. कुठलीही नाही, तीच, जी तू भर रंगात लावायचास. त्यांचे आकडे बदलले. कुठे सात वाढवले, कुठे नऊ कमी केले. फार नाही. हंड्याची चीर जेवढी बारीक, तेवढी ती पाणी भरल्यावरच कळते.

तुला वाटत असेल की मला वाईट वाटलं, तर नाही. मी त्या दिवशी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

पंधरा दिवसांनी घाटनांदूरच्या वरातीत पाणी भरलं गेलं. अण्णा सोबत होते. आल्यावर ओसरीवर बसून आप्पांना सांगत होते, "काय झालं कळंना बापा. दोन गाणी एकाच येळी वाजायलती अन् दोन्ही लंगडायलती. पोरं नाचता नाचता एकमेकांच्या पायावर पाय द्यायलती. मग हुर्यो केली. लोकांनी शेवटी ब्यांडवाल्याला वाजवाय लावलं." मी दाराआड उभी होते. मला असा आनंद झाला, दादा, की तो लपवायला मी न्हाणीघरात जाऊन बसले. तू आलास तेव्हा तुझा चेहरा राखेसारखा होता. म्हणालास, "व्हायरस आलाय."

मी वाट बघितली. मला वाटलं, तू येशील. म्हणशील, कांते, चुकलो, बघ जरा काय झालंय. मी काय बोलायचं तेही ठरवून ठेवलं होतं. 'पोरीच्या जातीनं काम्पुटरला हात लावला तर लोक नावं ठेवतील.' हे वाक्य मी आरशासमोर म्हणून बघितलं होतं.

तू आला नाहीस. महिना गेला, वर्ष गेलं, तीन वर्षं गेली. तुझं नाव होत गेलं. तुझ्या वराती पुन्हा लंगडल्या नाहीत. मला वाटलं, चांगलं सॉफ्टवेअर मिळालं असेल. तीन भाऊबिजांना तू पाटावर बसलास, मी तुला ओवाळलं, तू ताटात साडी ठेवलीस आणि निरांजनाकडे बघत राहिलास, माझ्याकडे नाही. एकदाच विचारलंस, "कांते, पळत्या गाण्याला ठोका कुठनं धरायचा गं?"

मी म्हटलं, "कावून?"

"काई न्हाई," म्हणालास, आणि करंजी उचललीस.

मी तिथेच सांगायला पाहिजे होतं, म्हणेन का? नाही. मला वाटलं, झुरू दे.

नऊ दिवसांपूर्वी सकाळी तुला अंघोळ घालून, कपाळाला विभूती लावून अंगणात बसवलं. आपल्यात निजवत नाहीत, बसवूनच नेतात आणि तसंच पुरतात. पाठीला उशी लावली, मान कलू नये म्हणून भिंतीच्या खुंटीला उपरणं बांधलं. झेंडूचे हार इतके आले की तुझं तोंडच दिसेना. अण्णा भजनी मंडळींशी बोलून आले आणि थेट माझ्यापाशी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. म्हणाले, त्याला त्याच्याच गाडीसंगं न्यायचं. लेकरू त्याच्याच वाद्यात गेलं पाहिजे.

"पर कांते, माय, पोरं आत्ताच गाळ्यात बघून आली. त्याच्या काम्पुटरात एक बी भजन न्हाई. समदी धिंगाण्याची गाणी हायत."

हळू गाणी कुणाला पायजेत. मी तुझ्याकडे बघितलं. हारांतून तुझा एक कान दिसत होता.

"माझ्यापाशी हायत," मी म्हटलं. "समदी हायत. पर अण्णा, गाडीवर मी उभी राहणार. दुसऱ्या कुणाच्या हातात सीड्या द्यायची न्हाई."

"अगं, मयताला... लोक काय म्हणतील?"

"लिंबागणेशला जे म्हणणार होते तेच. तुमी होतात की तिथं."

मढं दारात असताना मी अट घातली. चुलत्याला, ज्याचा एकुलता एक मुलगा गेलाय त्याला. ते लिहून ठेवते, कारण मला चांगली दिसायचं नाही. अण्णांनी गाळ्याची किल्ली माझ्या हातावर ठेवली.

तीन वर्षांत मी त्या गाळ्यात पाय ठेवला नव्हता. शटर उचललं. संगणक सुरू केला, भजनं उतरवायची होती म्हणून यादी उघडली. आणि समोर माझे आकडे. ते खोटे. जसेच्या तसे, नावाच्या आधी. आणि प्रत्येक नावाच्या शेवटी, दुसरा एक आकडा.

आधी कळलंच नाही. मग एक गाणं लावलं आणि टेबलावर नखानं मोजलं. शेवटचा आकडा बरोबर होता. दुसरं लावलं. बरोबर. तिसरं पळतं गाणं होतं, तिथे तू एकानं चुकला होतास. दोनशेच्या दोनशे. तू प्रत्येक गाणं मोजलं होतंस, मिनिटभर, हातानं. माझा खोटा आकडा पुसायला एका बटणाचं काम होतं, तो तू पुसला नाहीस. आणि टेबलावर, पडद्याच्या शेजारी, तो पितळी तांब्या. दुकानातून गेला म्हणून आप्पांनी मला चार दिवस बोलणी ऐकवली होती. माझ्या टिचक्यांच्या खळग्यांच्या शेजारी नवे खळगे पडलेले, माझ्यापेक्षा खोल. तुझा हात जडच होता.

चोरा. तांब्यासुद्धा माझाच नेलास.

म्हणजे तुला ठाऊक होतं. घाटनांदूरपासून, कदाचित त्याच रात्रीपासून. आणि तू गप्प राहिलास. मी सूड घेतला असं मी तीन वर्षं समजत होते आणि मी तुला फक्त शिकवून बसले होते. तो आकडा तू माझ्यासाठी ठेवला होतास की माझ्याविरुद्ध? 'कांते, बघ, जमतंय मला' असं सांगायला, की 'बघ, काय केलंस' असं? मी त्या खुर्चीत बसून तुला मोठ्यानं विचारलं. तुझ्याच खुर्चीत. मग रडले, खूप रडले, आणि रडताना सगळ्यात जास्त याचा राग आला की आता हे मला कधीच कळणार नाही. ओरडला असतास तर बरं झालं असतं. दोन शिव्या दिल्या असत्यास, मी चार दिल्या असत्या, भांडण संपलं असतं.

डोळे पुसले, भजनं उतरवली, आणि क्रम लावला.

ऊन कलायला लागलं तेव्हा तुला उचललं. पुढे खुर्चीत तू, तुझ्या दोन्ही बाजूंना टाळकरी, मागे गाडी, गाडीवर जनरेटर, संगणक आणि मी. पदर कमरेला खोचून. बाजारपेठेत दुकानादुकानांतून लोक बाहेर आले. आधी माझ्याकडे बघितलं, मग तुझ्याकडे. तुझ्या वरातीत असं पहिल्यांदाच झालं असेल.

तू माझ्याकडे पाठ करून बसला होतास.

भजनाची एक खोड असते, हे तुला ठाऊक नव्हतं, कारण तू ती कधी ऐकलीच नाहीस. भजन संथ सुरू होतं आणि रंगात आलं की चढतं, टाळकऱ्यांचे हात आपोआप पळतात. मला चढायला नको होतं. म्हणून प्रत्येक भजन चढायच्या आत मी पुढचं त्याच्यात सोडत होते, आधीच्यापेक्षा दोन-तीन ठोके हळू. शहाऐंशीवर घरून निघालो. टाळकरी सुरुवातीला ओढत होते, मग त्यांचे हात खाली आले. त्र्याऐंशी. ऐंशी. शाळेपाशी पंचाहत्तर. खांदेकऱ्यांची पावलं ठोक्यावर पडत होती आणि ती हळू होताहेत हे त्यांना कळत नव्हतं. कुणालाच कळत नव्हतं. सांधा एकदाही दिसला नाही. आपल्या जमिनीच्या बांधापाशी आलो तेव्हा साठ. शेवटचं भजन मी विरवत नेलं, आणि शेवटचा ठोका पडला तेव्हा तुझी खुर्ची खड्ड्याच्या काठावर थांबलेली होती. कुणी 'थांबा' म्हणालं नाही. सगळे आपसूक थांबले.

बघितलंस? असं थांबवतात.

इतकं शांत झालं की बेलाच्या पानांची टोपली खाली ठेवल्याचा आवाज आला. आणि मग गर्दीतला एक म्हातारा गहिवरून मोठ्यानं म्हणाला, "काय पोरगं होतं बापा. सोताच्या मयताची गाणी बी लावून ठेवून गेलं."

माना हलल्या. दोघातिघांनी डोळ्यांना धोतर लावलं.

गाडीवर तुझा माइक होता. मी तो उचलला, बटण वर केलं. भोंग्यांतून माझा श्वास ऐकू आला तशी सगळी तोंडं वळली. अण्णांनी ह्या वेळी दुसरीकडे बघितलं नाही.

"ही गाणी मी लावलीत," मी म्हटलं. "आजची बी अन् आजवरची बी. ही सगळी मेहनत माझ्या एकटीची हाय."

दोनशे गाण्यांपुरतं ते खोटं होतं. बोलताना मला ते पक्कं ठाऊक होतं, आणि मी तरीही बोलले, तुझ्याच शब्दांत, तुझ्याच भोंग्यांतून, सगळ्यांच्या पुढं. तू लिंबागणेशला जेवढं खोटं बोललास त्यापेक्षा माझं पुष्कळच लहान होतं. पण खोटंच.

टाळ्या पडल्या नाहीत. मी माइक बंद केला, तुझ्या पाठीकडे बघितलं आणि तांब्या जवळ ओढला. आणताना तो सीड्यांच्या पिशवीत घालून आणला होता, का ते विचारू नकोस. अंगठीनं एक टिचकी मारली. मग दुसरी. मोजायला लागले. मनात म्हटलं, एक मिनिट देते तुला. ऊठ आणि म्हण, कांते, खोटं बोलायलीस, दोनशे माझी हायत. एवढं म्हण, मी सगळ्यांसमोर कबूल होते.

वाऱ्यानं हार हलले. मी साठ मोजले, एकही न चुकता. तू उठला नाहीस.